अळीच्या पोटातला उजेड

प्रकाशाला जात नसते, गाव नसतं, हुद्दा नसतो. तो सगळ्यांवर सारखाच पडतो. अकोल्याच्या एका संशोधन केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश तेवढा फक्त गुरुवारी दुपारी दोन ते चार पडत असे, आणि तोही अर्जासोबत मार्गदर्शकाचं शिफारसपत्र दोन प्रतींत जोडलं असेल तर. तिसरी प्रत आयत्या वेळी मागत. म्हणून प्रियदर्शनी तायडे अमरावतीहून निघतानाच चार प्रती घेऊन निघे.

हा तिचा नववा गुरुवार होता आणि शेवटचाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, तिची पीएच.डी.ची नोंदणी संपणार होती. मूळ मुदत सहा वर्षांची, तीवर दोन वर्षांची वाढ. त्यावर आणखी वाढ देण्याची नियमात सोय नव्हती. तिने तीनदा विचारून पाहिलं होतं, आणि तिसऱ्या वेळी तर तिने तोंड उघडायच्या आतच समोरच्या माणसाची मान हलायला लागली होती.

प्रियदर्शनी एकोणचाळीस वर्षांची होती. अमरावतीच्या एका महाविद्यालयात ती अकरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत ती प्राध्यापक, घंटा झाली की कोणीच नाही. दर एप्रिलमध्ये तिची नोकरी संपे आणि दर ऑगस्टमध्ये नव्याने मुलाखत देऊन ती त्याच खोलीत, बेडकाच्या त्याच तक्त्याखाली पुन्हा रुजू होई. यंदा अकरा वर्षांत पहिल्यांदा कायम जागेची जाहिरात निघाली होती. एक जागा. पीएच.डी. हवीच. आणि तिच्या पीएच.डी.ला एक फोटो कमी होता.

प्रबंध लिहून तयार होता, दोनशे अकरा पानं. आकृती बेचाळीस तेवढी रिकामी होती, आणि दोनशे अकरा पानांत जे काही ठासून सांगितलं होतं, ते त्या रिकाम्या चौकोनाच्या भरवशावर सांगितलं होतं.

विषय समजायला अवघड नव्हता. कापसाच्या नव्या वाणांत अळीला मारणारं एक प्रथिन असतं. अळ्या ते खाऊन पूर्वी मरत असत. आता पुष्कळशा खातात आणि मरत नाहीत. ते प्रथिन अळीच्या आतड्यात नेमकं कुठे चिकटतं, की चिकटतच नाही, एवढंच पाहायचं. पण प्रथिन डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याला एक दिवा बांधून द्यायचा. दिवा म्हणजे अर्धवाहकाचा स्फटिक, इतका बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत वीस-पंचवीस हजार सहज शेजारी शेजारी बसावेत. त्याच्यावर जांभळा प्रकाश टाकला की तो स्वतःच्या रंगात चमकतो. कण लहान असला तर हिरवा, जरा मोठा असला तर लाल. बाजारात मिळणारे नेहमीचे रंगही असे चमकतात, पण प्रकाशात ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत विझतात. हे स्फटिक तासन्‌तास विझत नाहीत. ते विझत नाहीत हे प्रियदर्शनीने पहिल्या प्रकरणात एकोणीस वेळा लिहिलं होतं. काही वेळा तर एकाच पानावर दोनदा.

या स्फटिकांच्या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हा तिचे मार्गदर्शक डॉ. खुशालराव काळमेघ यांनी विभागात पेढे वाटले होते आणि स्थानिक वर्तमानपत्रात स्वतःचा फोटो छापून आणला होता. बातमीत नोबेलवाल्यांची नावं शेवटच्या परिच्छेदात होती. विभागात तोवर एकही स्फटिक कुठे चमकलेला नव्हता, पण बातमीत तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं.

आठ गुरुवार ती अकोल्याला गेली आणि आठही वेळा तिला काळं दिसलं. एकदा स्फटिकांच्या गुठळ्या झाल्या. एकदा प्रथिन सुटून आलं. दोनदा सगळं बरोबर होतं आणि तरीही काळं. एकदा यंत्रचालकाच्या साळ्याचं लग्न होतं, त्या दिवशी तर कुलूपच दिसलं. आता स्फटिकांची शेवटची बाटलीही संपली होती. बाटलीत होतं नव्हतं ते तिने सहा स्लाइडींवर वापरून टाकलं होतं. सातवी स्लाइड कोरी होती: तशीच अळी, तसंच आतडं, फक्त दिवे नाहीत. ही काळीच दिसायला हवी, म्हणजे बाकीच्या सहांतला उजेड खरा ठरतो. तसा नियम असतो.

स्लाइडींचा थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन ती राजापेठेतून एसटीत बसली. मूर्तिजापूरच्या अलीकडे कंडक्टरने डब्यात काय आहे म्हणून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. अळ्यांची आतडी. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता कोणत्या अळ्या ते विचारलं, हिरव्या बोंडअळ्या म्हटल्यावर मान डोलावली, आणि आपल्या दर्यापूरच्या वावरात त्या हव्या तितक्या, आतड्यासकट आणि फुकट मिळतील असं अगत्याने सांगितलं. प्रियदर्शनीने त्याचे आभार मानले. इतकं अगत्य तिच्या संशोधनाला आजवर कोणी दाखवलं नव्हतं.

वावरातल्या अळ्या चालत नाहीत, कारण त्यांनी काय खाल्लंय ते माहीत नसतं. प्रयोगाच्या अळ्या घरी वाढवाव्या लागतात. महाविद्यालयात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून त्या फ्रेजरपुऱ्यातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर वाढत. दोनशे अळ्या, दोनशे डब्या. एका डबीत दोन ठेवल्या तर सकाळी एकच उरते आणि ती जाड दिसते. अळ्यांचा खुराक म्हणजे बेसन, यीस्ट, जीवनसत्त्वं, हे सगळं शिजवून थापलेल्या वड्या. प्रियदर्शनी तासांच्या मागे धावत असे, त्यामुळे वड्या करायचं काम तिच्या आईकडे, केशरबाईंकडे आलं होतं. केशरबाईंनी एका शाळेत एकोणीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली होती. दोनशे तोंडांचा त्यांना धाक नव्हता. अळ्या मेल्या की त्यांना वाईट वाटे, आणि जगल्या की लेक त्यांना कापायला नेई, तेव्हाही वाईट वाटे. पण काम त्यांनी एक दिवस चुकवलं नव्हतं.

दोनला दहा मिनिटं असताना ती केंद्रात पोचली. यंत्रचालक नितेश गावंडे दारातच उभा होता. त्याने शिफारसपत्राच्या तीन प्रती घेतल्या आणि चौथी पाहून आदराने मान लववली. नितेश तिशीतला, कंत्राटी. साळ्याच्या लग्नाचा सोडून बाकीचे सगळे काळे गुरुवार त्यानेही तिच्यासोबत काढले होते. खोलीतला दिवा त्याने मालवला, पहिली स्लाइड लावली, जांभळा प्रकाश सोडला.

पडद्यावर हिरवं उजळलं.

एखाद्या ठिपक्यापुरतं नव्हे. आतड्याची सगळी भिंत, पेशीपेशीची कड, हिरव्या तेजाने आखल्यासारखी दिसत होती. प्रियदर्शनीने पडद्याच्या काठाला हात लावला, मग काढून घेतला. नितेशने फोटो काढला, आणखी एक काढला, आणि म्हणाला, "मॅडम, आपलं झालं." त्याने 'आपलं' म्हटलं, यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने सरांना फोटो पाठवला. सरांचा लगेच फोन आला. ते म्हणाले, मला खात्रीच होती. ही खात्री त्यांनी आठ वर्षांत प्रथमच बोलून दाखवली. दोन वाजून वीस मिनिटांनी फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर होता, पंचवीस मिनिटांनी प्राचार्यांचं अभिनंदन आलं, आणि अडीचपर्यंत जिल्ह्यातल्या तीन महाविद्यालयांच्या गटांत फिरून तो फोटो प्रियदर्शनीकडेच परत आला, खाली दुसऱ्याच कोणाचं नाव लावून.

फोन खाली ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं तेव्हा हिरवा रंग जरासा उतरलेला वाटला.

डोळे थकले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांनी तो आणखी उतरला. नितेश म्हणाला, प्रकाश इतका वेळ राहिला तर उतरतोच, सगळ्यांचाच उतरतो. सगळ्यांचा उतरतो हे तिलाही ठाऊक होतं. यांचा उतरत नाही, म्हणून तर हे वापरायचे. एकोणीस वेळा लिहिलेलं वाक्य तिच्या डोळ्यांसमोर विझत चाललं होतं. दोन पस्तीसला पडद्यावर राखाडी धुकं होतं आणि पावणेतीनला काळं. हिरवं विझल्यावर त्याच्यामागे चार-दोन ठिपके जरी टिकून राहिले असते, तरी तेवढे खरे दिवे म्हणता आले असते. एकही नव्हता. नितेशने त्या काळ्याचाही फोटो काढून ठेवला.

दुसरी स्लाइड लावली. तीही उजळली आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागली. तिसरी, चौथी. मग नितेशने न विचारताच सातवी लावली, कोरी, जिच्यात दिवे नव्हतेच.

ती सगळ्यांत जास्त चमकली.

नितेशने हळूच खुर्ची मागे सरकवली आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेला. केंद्रात चहा मिळत नसे.

प्रियदर्शनी अंधारात बसून राहिली. दिवे नसलेल्या अळीत उजेड कुठून आला, याचं उत्तर अळीच्या पोटात असणार, आणि अळीच्या पोटात काय जातं ते एकाच माणसाला माहीत होतं. तिने घरी फोन लावला. अळ्यांना काय चारलंस, असं विचारलं.

"तेच वं. तुया कागदावर लिवलं तेच," केशरबाई म्हणाल्या. "काहून?"

"कागदावर होतं तेवढंच? दुसरं काही नाही?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"हळद टाकली," केशरबाई म्हणाल्या. "थोडीशीक. चिमूट दोन चिमूट."

"आई, कधीपासून?"

"पोळ्यापासून. बुरशी येऊन राहिली होती नं त्या वड्यायले. रोज धा-पंधरा मरून राहिले होते. अन् बेसनात हळद नाई टाकत का कोणी? बिनहळदीचं बेसन मी जनावराले नाई चारत, पोरी."

आधीचे आठही गुरुवार पोळ्याच्या आधीचे होते. बुरशी पोळ्यानंतर थांबली होती, हे खरंच होतं. डब्यांची झाकणं आपण उकळायला लागलो त्याचा हा परिणाम, अशी नोंद प्रियदर्शनीने सही करून, तारीख टाकून वहीत केली होती. बेसन मुळातच पिवळं, त्यामुळे वड्यांकडे पाहून कोणाच्या काही लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. आणि हळद जांभळ्या प्रकाशात झकास हिरवी चमकते, अंगातल्या पेशींना घट्ट धरते, आणि अर्ध्या तासात विझते, हे तिला पाठ होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ती ते दरवर्षी करून दाखवत असे.

"काही चुकलं का माह्यं?" केशरबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "दोनशे लेकरायले चारलं मी एकोणीस वर्सं. एकाचं पोट दुखलं नाई."

प्रियदर्शनी म्हणाली, काही चुकलं नाही, अळ्या छान आहेत. आणि फोन ठेवला.

अकोल्याच्या बसस्थानकात सव्वाचारला अमरावतीची गाडी लागलेली होती; ती तिने सोडली. पावणेपाचचीही सोडली. बाकावर थर्मोकोलचा डबा शेजारी ठेवून ती बसली होती आणि हिशेब करायचा प्रयत्न करत होती, पण हिशेब पुढे जातच नव्हता. नवीन अळ्या वाढवायला महिना. स्फटिक मिळायला दोन महिने. हातात चोवीस तास, त्यांतले आठ झोपेचे, म्हणजे न झोपण्याचे. प्रबंध दिला नाही तर आठ वर्षं नव्हतीच, असं धरायचं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलाखतीला मुलाखतकार तिचीच जुनी विद्यार्थिनी असेल. यंदा जवळपास तसं झालंच होतं. आई सत्तरीला टेकली होती. पलीकडच्या फलाटावर अकोटच्या गाडीसाठी माणसं धावत होती आणि प्रियदर्शनीला त्यांचा हेवा वाटला, कारण त्यांना जायचं होतं ते गाव जागेवर होतं.

तिने सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सर समजावणीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचं म्हणणं असं की विज्ञानात निरीक्षण महत्त्वाचं. निरीक्षण झालेलं आहे, फोटो आहे, प्राचार्यांनी पाहिला आहे. हळद हा एक विचार आहे, आणि विचार प्रत्येक गोष्टीबद्दल करता येतात.

"सर, कोरी स्लाइडही चमकली."

"कोणती कोरी स्लाइड? ती तर वाटेत फुटली म्हणतेस नं तू," खुशालराव म्हणाले.

"फुटली नाही, सर. माझ्या डब्यात आहे."

"प्रियदर्शनी, बाई, ऐक माह्यं. परीक्षक काय अळी चाखून पाहणार आहे? उद्या पाच वाजता तू माणसात येशील, नाई तं मग मीही काई करू शकत नाई. तू मले काई सांगतलं नाई, मी काई ऐकलं नाई. ठेवतो."

सहाच्या गाडीने ती परत निघाली. बडनेऱ्यापर्यंत तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं. अडचण पुढची होती. बेचाळीसवी आकृती खरी मानायची तर आकृतीखाली वेळ खोटी लिहावी लागणार, मग सातव्या स्लाइडची नोंद फाडावी लागणार, मग नितेशला सांगावं लागणार, मग तोंडी परीक्षेत कोणी विचारलं तर ताठ मानेने सांगावं लागणार की नाही, हा विझत नाही. खोटं बोलायलाही माणसाच्या अंगात उमेद लागते. तिच्या अंगात नऊ गुरुवारांनंतर तेवढी उरलेली नव्हती. प्रामाणिकपणा म्हणजे मोठं मन वगैरे असं ती विद्यार्थ्यांना सांगत आली होती. प्रत्यक्षात तो थकव्यानेही येतो, हे तिला बडनेऱ्याच्या पुलावर कळलं.

घरी आल्यावर तिने बेचाळीसव्या चौकोनात हिरवा फोटो घातला. शेजारच्या पानावर नवी आकृती त्रेचाळीस केली: तीच जागा, पस्तीस मिनिटांनंतर, काळी. आणि खाली साधं वाक्य लिहिलं की दिसलेला उजेड स्फटिकांचा नसून अळीच्या खुराकात गेलेल्या हळदीचा आहे. स्फटिक चिकटल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. निष्कर्षाची सहा पानं काढून टाकली आणि त्याजागी दीड पान आलं. आभारांत केशरबाईंचं नाव आधीपासून होतं, ते तसंच ठेवलं. केशरबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी दोनदा विचारलं की माझ्यामुळे काही झालं का. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा प्रियदर्शनी ओरडली, आणि मग उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली, पण त्या तोवर डब्यांची झाकणं लावायला उठल्या होत्या.

शुक्रवारी छपाई आणि बांधणी होऊन प्रती तिच्या हातात पडल्या तेव्हा साडेचार वाजले होते. सरांनी सही केली. वाचायला वेळ नव्हता, आणि तो नव्हता याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानल्यासारखा चेहरा केला. पाचला चार मिनिटं असताना प्रबंध जमा झाला. पावती देणाऱ्याने पानं मोजली, सह्या मोजल्या, शिक्का मारला.

त्यानंतरचे चार महिने कसे गेले ते प्रियदर्शनी कोणाला सांगत नाही. वजन सात किलो उतरलं. पोस्टमन गल्लीत शिरला की ती मोरीत जाऊन उभी राही. आपण स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रबंध खोटा ठरवून, बांधून, पाच प्रतींत सादर केला आहे, हे वाक्य वर्गात शिकवता शिकवता मध्येच तिच्या तोंडाशी येई. जागेच्या मुलाखतीची तारीख दोनदा पुढे गेली. सर भेटले की हवापाण्यावर बोलत. केशरबाईंनी भाजीत हळद टाकणं बंद केलं होतं.

फेब्रुवारीत परीक्षकांचे अहवाल आले. दोघांनीही पदवी देण्याची शिफारस केली होती. पहिला अहवाल चार ओळींचा होता. परराज्यातल्या ज्येष्ठ परीक्षकांनी मात्र पानभर लिहिलं होतं, आणि त्यात खास नमूद केलं होतं की आकृती बेचाळीस व त्रेचाळीस अत्यंत सुस्पष्ट असून त्यांतला फरक डोळ्यांत भरतो. लेखिकेचा दावा त्यातून निर्विवाद सिद्ध होतो.

कोणता दावा, ते लिहिलेलं नव्हतं. प्रियदर्शनीने कपाटातून स्वतःची प्रत काढली आणि बांधणी झाल्यापासून प्रथमच ती पानं उघडली.

त्या शुक्रवारी झेरॉक्सवाल्याकडची रंगीत शाई संपलेली होती. सगळ्याच प्रती काळ्या-पांढऱ्या निघाल्या होत्या, हिरवं त्यांत काळंच उमटलं होतं, आणि दोन्ही आकृत्यांच्या जागी सारख्याच मापाचे दोन काळे चौकोन होते.